उसन्या पाण्याची वाशिष्ठी

लखनौच्या पुलावर उभे राहून गोमतीकडे पाहिले, तर ती वाहते आहे की थांबली आहे हे चटकन कळत नाही. पिलीभीत जिल्ह्यातल्या एका तळ्यातून ती निघते आणि नऊशे किलोमीटरहून अधिक वाट तुडवून वाराणसीच्या पुढे गंगेला मिळते. एवढ्या प्रवासात ती उतरते किती? दोनशे मीटरसुद्धा नाही. घाई तिच्या स्वभावातच नाही, म्हणून तर नवाबांचे लखनौ तिच्या काठी वसले, असे कोणी गमतीने म्हटले तर त्यात फारसे चूक नाही. या गोमतीला उत्तरेकडचे लोक वसिष्ठ ऋषींची कन्या मानतात.

वसिष्ठांच्या नावाची आणखी एक नदी आहे, ती आपल्या कोकणात. तिचे नावच वाशिष्ठी. सह्याद्रीच्या कड्याखाली ती जन्म घेते, चिपळूण शहराला वळसा घालते आणि दाभोळजवळ अरबी समुद्रात जाऊन मिळते. तिची लांबी शंभर किलोमीटरही भरत नाही. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला समुद्र आणि मध्ये चार घटकांचा संसार. गोमतीच्या मानाने ही अगदी धाकटी. पण महाराष्ट्रातल्या लाखो घरांत संध्याकाळी जो दिवा लागतो, त्याच्याशी या धाकट्या नदीचे नाते फार जवळचे आहे.

नदीच्या पाण्यापासून वीज करायची तर नुसते भरपूर पाणी असून भागत नाही. ते उंचावरून खाली पडावे लागते. गच्चीवरच्या टाकीचा नळ तळमजल्यावर जोरात येतो आणि वरच्या मजल्यावर करंगळीएवढा, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. विजेचेही तसेच. पाणी जितके उंचावरून येईल तितका त्याचा जोर मोठा. त्या जोरावर जनित्राचे चाक फिरते आणि वीज तयार होते. संथ गोमतीकडे हा जोर नाही. तो आहे किनाऱ्यालगतच्या आखूड, उतावळ्या नद्यांकडे. नॉर्वे हा देश आपली बहुतेक वीज अशाच डोंगरातून समुद्राकडे धावणाऱ्या पाण्यावर तयार करतो. आपल्याकडेही कारवारची काळी नदी आणि जोगच्या धबधब्याची शरावती या दोघी लांबीने लहान असल्या, तरी त्यांच्यावर धरणांची आणि वीजगृहांची रांग उभी आहे.

वाशिष्ठीची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. तिच्या खोऱ्यात जी वीज तयार होते, ती मुख्यतः तिच्या पाण्याची नाही. ते पाणी आहे कोयनेचे.

डोंगरापलीकडची बहीण

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी ती दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेच्या कुशीत शिरते. तिथून पुढे तिचे पाणी कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. जिथे कोयना वळते, तिथून पश्चिमेला डोंगराची एक भिंत ओलांडली की खाली थेट कोकण. एका बाजूला पाण्याने भरलेले उंच खोरे आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ पाचशे मीटर खोल उतार. निसर्गाने अशी जागा फार थोड्या ठिकाणी दिली आहे.

अभियंत्यांची नजर या जागेवर स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून होती. प्रत्यक्ष काम मात्र १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. मागे जो जलाशय पसरला त्याला शिवसागर असे नाव मिळाले. मग डोंगराच्या पोटातून बोगदे खोदले आणि पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळवले. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी येथे, जमिनीच्या पोटात, वीजगृह बांधले. १९६२ साली तिथली वीज मिळू लागली. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. नव्या राज्यातल्या कारखान्यांना आणि गावांना या विजेने असा हात दिला, की कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणण्याचा प्रघातच पडला.

पोफळीला वीज देऊन झालेले पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली कोळकेवाडी येथे दुसरे धरण बांधण्यात आले. हे धरण वाशिष्ठीच्या खोऱ्यातले. तिथे अडवलेले पाणी आणखी शंभर मीटरहून अधिक खाली सोडून अलोरे येथे तिसऱ्या टप्प्याची वीज तयार होते. म्हणजे एकच पाणी दोनदा कामाला लावायचे. आपल्या घरी तांदूळ धुतलेले पाणी फुलझाडांना घालतात, त्यातलाच हा प्रकार.

चौथा टप्पा सर्वांत मोठा, १००० मेगावॉटचा. त्यासाठी नवा बोगदा थेट भरलेल्या जलाशयाच्या तळाशी जोडायचा होता. जलाशय रिकामा करणे शक्य नव्हते. तेव्हा बोगदा आतून खोदत खोदत तळाजवळ आणला, मध्ये खडकाचा एक थर शिल्लक ठेवला आणि १३ मार्च १९९९ रोजी सुरुंग लावून तो थर उडवून दिला. तळे न उपसता त्याला खालून तोंड पाडण्याची ही पद्धत नॉर्वेत विकसित झाली. २५ एप्रिल २०१२ रोजी कोयनेत तसाच दुसरा प्रयोग झाला. आज सर्व टप्पे मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९५० मेगावॉट आहे.

एक टाकी, एक युनिट

या आकड्यांनी डोके गरगरत असेल तर घरातला हिशोब करून पाहू. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते. तेवढे पाणी शिवसागरातून पोफळीपर्यंत आणि पुढे अलोऱ्यापर्यंत उतरले, की त्यातून साधारण सव्वा युनिट वीज मिळते. सव्वा युनिट म्हणजे एक शंभर वॉटचा दिवा बारा-तेरा तास. घरात पाण्याचा गिझर अर्धा-पाऊण तास चालला की तेवढी वीज संपते. म्हणजे एका बादलीभर गरम पाण्याच्या मागे डोंगरावरून उतरलेल्या कित्येक बादल्या उभ्या असतात.

पाण्याच्या विजेचा आणखी एक गुण आहे. कोळशाचे वीज केंद्र थंड पडले तर पुन्हा पेटवायला तासन् तास लागतात. पाण्याचे केंद्र काही मिनिटांत सुरू होते आणि तितक्याच झटकन बंद करता येते. त्यामुळे जेव्हा मागणी एकदम वाढते, तेव्हा कोयनेला हाक मारली जाते. संध्याकाळी दिवेलागणीला घरोघरी दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी संच सुरू होतात, स्वयंपाकघरात मिक्सर फिरू लागतो आणि तिकडे पोफळीचे चाक वेग घेते.

आणि मग वाशिष्ठी वाहू लागते.

वीज करून झाल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याला तिकडे ‘अवजल’ म्हणतात. अलोऱ्याहून निघालेले हे अवजल वाशिष्ठीला येऊन मिळते. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि मार्च-एप्रिल येईपर्यंत त्यांची डबकी होतात. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही तीव्र उतारामुळे पाणी थांबत नाही. वाशिष्ठी मात्र भर मे महिन्यातही वाहताना दिसते. नवख्या माणसाला तिचे कौतुक वाटते. पण ते पाणी तिचे नाही, डोंगरापलीकडच्या बहिणीकडून रोज उसने आणलेले आहे. वीजगृह चालू तर नदी चालू, वीजगृह बंद तर नदीही रोडावते. चिपळूणचे पिण्याचे पाणी, काठावरचे शेत, लोटे-परशुरामचे कारखाने, सगळ्यांची भिस्त या अवजलावर. दुरुस्तीसाठी किंवा मागणी घटल्यामुळे वीजनिर्मिती काही दिवस थांबली, की चिपळूणच्या नळांची धार बारीक होते. शिवाय नदीचा जोर कमी झाला की भरतीचे खारे पाणी खाडीतून वर सरकते. मुंबई-पुण्याच्या घरातले बटण आणि चिपळूणच्या घरातला नळ असे एकमेकांना बांधलेले आहेत, आणि बटण दाबणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

समुद्राला दिलेले दान

हे पाणी आहे तरी किती? कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिले. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्याचे लिटर केले तर एका टीएमसीत सुमारे २,८३२ कोटी लिटर बसतात. वर्षाचे ६७.५ टीएमसी रोजच्या हिशोबात मांडले तर सरासरी दिवसाला पाचशे कोटी लिटरहून अधिक पाणी होते. अख्ख्या मुंबई शहराला महापालिका रोज जे पाणी पुरवते ते सुमारे चारशे कोटी लिटर. मुंबईची तहान भागून उरेल इतके पाणी वीज देऊन झाले की वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जाते आणि खारट होते.

आणि त्याच चिपळूण तालुक्यात डोंगरावरच्या काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाईला खाली दरीत वाहणारी नदी दिसते, पण ती तिच्या कामाची नाही. पाणी खाली आहे आणि वाडी वर. ते वर चढवायला जी वीज लागते, ती त्याच पाण्याने तयार केलेली असते, पण त्या विजेचे बिल वाडीला परवडत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

अवजल मुंबईला न्यावे, अशा योजना अनेकदा मांडल्या गेल्या. कोकणातले लोक विचारतात, आधी आमच्या शेताला आणि वाड्यांना का नको? कृष्णा खोऱ्यातले शेतकरी म्हणतात, मुळात हे पाणी पूर्वेचे, पाऊस कमी झाला की वीज थोडी कमी करा आणि पाणी आमच्या पिकांना ठेवा. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. एका घरात तीन भावांनी एकाच विहिरीवर हक्क सांगावा, तसा हा प्रसंग. अशा वेळी आवाज कोणाचा मोठा यावर वाटणी करून चालत नाही, गरज कोणाची आधी ते पाहावे लागते. आणि पिण्याच्या पाण्याची गरज सर्वांत आधी, हे सांगायला लवादाची जरूर नाही.

ज्यांनी घर दिले

या साऱ्या हिशोबात आणखी एक नाव घ्यावेच लागते. शिवसागर भरला तेव्हा कोयनेच्या खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावे उठली. घरे, भाताची खाचरे, देवळे पाण्याखाली गेली. माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. डोंगर-उतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसांना सोलापूरच्या काळ्या, कोरड्या रानात नवा संसार मांडावा लागला. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न एका पिढीत सुटले नाहीत. २०१८ साली, म्हणजे धरण पुरे होऊन अर्धशतक उलटल्यावर, श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला प्रकल्पग्रस्त कित्येक दिवस ठाण मांडून बसले होते. त्यांत धरण बांधले गेले तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी नातवंडेही होती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसराला भूकंपाचा तडाखा बसला. सुमारे १८० माणसे गेली, हजारो घरे पडली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले आणि पुढे त्याला बळकटी देण्यात आली. मोठ्या जलाशयाच्या भाराने आणि झिरपणाऱ्या पाण्याने भूकंपाला चालना मिळू शकते का, या प्रश्नाचा जगभर जो अभ्यास झाला, त्यात कोयनेचे नाव सर्वांत पुढे असते.

हा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही वीजगृहे अनुक्रमे १९१५, १९२२ आणि १९२७ सालची. घाटमाथ्यावर धरण बांधायचे आणि पाणी कोकणात उतरवायचे, ही युक्ती तिथलीच. खोपोलीच्या पाण्याने पाताळगंगा भरते, भिवपुरीच्या पाण्याने उल्हास आणि भिऱ्याच्या पाण्याने कुंडलिका. कोलाडला कुंडलिकेच्या खळाळत्या प्रवाहात रबरी नावांतून मौज करायला हल्ली तरुण मुलेमुली जातात. सकाळी वीजगृहाचे पाणी सुटते म्हणून तो प्रवाह खळाळतो. त्या पाण्यामागे मुळशीचे धरण आहे, आणि त्या धरणामागे सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन केलेला १९२१ चा सत्याग्रह आहे. किनाऱ्याच्या या लहान नद्या मोठ्या शहरांचा उजेड वाहून नेतात आणि त्या उजेडाची किंमत कोणी तरी दुसऱ्याने मोजलेली असते.

नदी घरात येते तेव्हा

उसने पाणी उन्हाळ्यात वरदान ठरते, पण पावसाळ्यात त्याची धास्ती वाटते. चिपळूण बशीसारख्या सखल जागी वसले आहे. एका अंगाने वाशिष्ठी, मधून शिवनदी आणि गोवळकोटपर्यंत समुद्राची भरती. डोंगरात पाऊस कोसळला आणि त्याच वेळी भरती असली, तर पाण्याला जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ ला हे घडले. २२ जुलै २०२१ ला त्याहून भयंकर घडले. बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावर पाणी गेले. रात्रीत वाढलेल्या पाण्याने दुकाने, दवाखाने, देव्हारे आणि धान्याचे डबे सारखेच भरले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला दोन्ही पुरांचा फटका बसला. पुस्तके वाचवण्यासाठी धडपडणारी माणसे आणि चिखलात भिजलेले ग्रंथ, हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत.

पूर ओसरल्यावर कारणांची चर्चा झाली. अतिवृष्टी होतीच. भरती होती. नदीत वर्षानुवर्षे साठलेला गाळ होता. पात्रालगतची बांधकामे होती. आणि कोळकेवाडीच्या पाण्याने भर घातली का, हा प्रश्नही लोकांनी विचारला. कोळकेवाडीचे तळे शिवसागराच्या मानाने फारच लहान. त्याच्या स्वतःच्या डोंगरातून येणारा लोंढा ते फार वेळ धरून ठेवू शकत नाही. म्हणून तिथले पाणी कधी, किती सुटणार हे शहराला वेळेवर कळणे याला फार महत्त्व आहे. चिपळूणकरांनी गाळ काढण्यासाठी आंदोलन केले आणि त्यानंतर वाशिष्ठी व शिवनदीतून गाळ उपसण्याचे काम हाती घेतले गेले. पण गाळ दर पावसाळ्यात पुन्हा येतो. घरातला केर एकदा काढला म्हणून उद्या काढायचा राहत नाही, तसेच नदीचे.

घाटमाथ्यावर आणि काठावर झाडे टिकली तर माती डोंगरावर राहील. पात्र मोकळे राहिले तर पाणी पात्रातून जाईल. वीजगृहाचे आणि धरणाचे वेळापत्रक काठच्या माणसाला साध्या भाषेत, आगाऊ, गावच्या फलकावर कळले तर रात्री अपरात्री जीव मुठीत धरावा लागणार नाही. यातले काहीच अशक्य नाही आणि यातले बरेचसे धरण बांधण्याहून कितीतरी स्वस्त आहे.

दोघी लेकी

वसिष्ठांची ती दुसरी लेक, लखनौची गोमती, काय करते आहे? तिचाही पूर्वीचा भर राहिलेला नाही. उन्हाळ्यात ती इतकी खाली जाते, की शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तिच्यात शारदा कालव्याचे पाणी सोडावे लागते. शारदा ही नेपाळच्या सीमेवरून येणारी हिमालयाची नदी. तिचा कालवा १९२८ साली सुरू झाला. म्हणजे संथ, लांब गोमती असो की आखूड, उतावळी वाशिष्ठी, दोघी आज बहिणीच्या पाण्यावर दिवस काढत आहेत.

उसने घेण्यात कमीपणा नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली नाही, असे घर कोणते? पण आणलेल्या वाटीची आठवण ठेवायची आणि ती रिकामी परत करायची नाही, ही आपल्या घरांची रीत आहे. कोयनेच्या उठलेल्या गावांकडून, पूर्वेच्या शेतांकडून आणि वाशिष्ठीच्या काठाकडून महाराष्ट्राने गेली साठ वर्षे अशीच एक वाटी रोज आणली आहे. विनाकारण जळणारा दिवा बंद करणे, हा ती परत करण्याचा अगदी लहानसा मार्ग आहे. मोठा मार्ग शासनाच्या हाती आहे. उठवलेल्या माणसाला त्याची जमीन, वरच्या वाडीला तिचा हंडा आणि खालच्या शहराला वेळेवर इशारा, एवढे तरी त्या वाटीत घालून द्यायला हवे.

आज संध्याकाळी दिवेलागणीला ‘शुभंकरोति’ म्हणून हात जोडताना एवढे आठवले तरी पुष्कळ झाले. घरात बटण दाबले गेले, की घाटाखाली कुठेतरी एक लहानशी नदी वाहू लागते.